यंदा गाडीत नाही, आत

शनिवार, ९ मे

सगळ्यांत आधी उगवली ती मॅव्हिसच. निरोप द्यायला म्हणे. हातात सुक्या मेव्याचा केक आणि डोळे गाडीच्या मागच्या सीटवर, आम्ही काय काय नेतोय ते बघायला. तिच्यामागून चर्चमधल्या दोघी आल्या. मग पोस्टातला लायल आला, तो तर फक्त मॅव्हिस काय बोलते ते ऐकायला आला होता.

"विनी, या वयात दोघी बायका पब पालथे घालत हिंडणार? लोक काय म्हणतील?"

नोलीन टायरला बुटाने ठोकून हवा बघत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लोक म्हणजे तूच ना, मॅव्हिस? मग आत्ताच म्हणून घे बाई, आम्हाला उशीर होतोय."

लायल इतका हसला की त्याला खोकला लागला. केक मात्र आम्ही ठेवून घेतला. मॅव्हिसचं तोंड कसंही असो, केक चांगला असतो.

संध्याकाळी नातीचा फोन आला. टॅम्सिन टाउन्सव्हिलला दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, दिवसभर लोकांची तोंडं बघते आणि संध्याकाळी आजीचं तोंड वाजवून घेते. तिला सगळं मुळापासून सांगावं लागलं, कारण आताच्या पोरींना हे खरंच वाटत नाही. "पण आजी, तुम्ही गाडीत का बसायचात? आत का नाही गेलात?" अगं, बाईला बारमध्ये पाऊल टाकायची मुभाच नव्हती. शहरात पबाच्या मागे बायकांसाठी वेगळी खोली तरी असायची. आमच्या या पश्चिमेकडच्या पबांत कुठली खोली? एक बार, आणि बाहेर तांबडी धूळ. माझा केव्ह आणि नोलीनचा डेस एकाच टोळीत मेंढ्यांची लोकर कातरायचे. एक काम संपवून दुसऱ्या कामावर जाताना वाटेत पब दिसला की गाडी थांबलीच. "दहा मिनिटं हं," म्हणून दोघे आत. आम्ही दोघी आणि पोरं गाडीत, काचा खाली करून. त्या दहा मिनिटांत सावली गाडीच्या या बाजूची त्या बाजूला जायची. मध्येच केव्ह बाहेर यायचा, खिडकीतून लेमोनेड घातलेल्या बिअरचा ग्लास आणि वेफर्सची पुडी द्यायचा आणि राज्य दान केल्यासारखा परत आत जायचा. नोलीन आणि मी मैत्रिणी झालो त्या अशा. कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर झोपलंय ते आम्ही बघतसुद्धा नव्हतो.

पुढे कायदा बदलला. पण तोवर सवय हाडात गेली होती. अजूनही गावातल्या पबात आम्ही आपल्या जेवणाच्या खोलीत, टेबलक्लॉथ असतो तिकडे बसतो. बारच्या कट्ट्याला कोपर टेकवून मी जन्मात उभी राहिले नाही.

आता डेसही नाही, केव्हही नाही. ईस्टरच्या दिवशी नोलीन म्हणाली, "विने, ज्या ज्या पबांबाहेर बसलो ना, त्या सगळ्यांच्या आत जाऊन यायचं." मी लगेच हो म्हटलं. ती म्हणाली असती चंद्रावर जाऊ, तरी म्हटलं असतं.

आणि आता खरं ते लिहिते. तिचा मुलगा ग्रॅहम तिला ब्रिस्बेनला कायमची बोलावतोय. खोली रंगवून ठेवलीय, खिडकीतून नदी दिसते म्हणे. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक तारेचं कुंपण आहे, तेही चहाचे कप देऊन-घेऊन वाकलेलं. ग्रॅहमला तिने सांगितलंय, फिरून आले की उत्तर देते. मी तिला काही विचारलेलं नाही. विचारलं की ती सांगेल, याचीच भीती वाटते.

सोमवार, ११ मे

पहिला पब झाला! टुम्बुल्लाचा. मी नवा निळा ब्लाउज घातला होता, नोलीनने ओठ रंगवले होते. दारापर्यंत गेलो आणि दोघी थांबलो. नोलीन म्हणाली, "तू आधी." मी म्हटलं, "कल्पना तुझी, आधी तू." शेवटी आतून एक कुत्रा बाहेर यायला निघाला, त्याला वाट द्यायची म्हणून आम्ही सरकलो ते आतच गेलो.

आत काय होतं? काही नाही. चिकट गालिचा, कोपऱ्यात टीव्ही, भिंतीवर एक धुळकट मासा, आणि दोन माणसं. ती दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हती. मी नोलीनकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. केव्ह नेहमी म्हणायचा, "आत फार महत्त्वाचं बोलणं असतं गं, तुम्हाला नाही कळायचं." एवढं आठवलं आणि मला जे हसू फुटलं! नोलीनने कट्टा धरला. डोळ्यांतून पाणी. बारवाल्याला वाटलं कुणीतरी गेलं, त्याने बिचाऱ्याने पहिले ग्लास फुकट दिले.

"यासाठी आम्हाला उन्हात ठेवलं होतं," नोलीन त्याला सांगत होती. "या माशासाठी!"

बारवाला बोलका निघाला, बर्ट नावाचा. त्याने इकडची सगळी खबर दिली. सगळ्यांत मजेशीर म्हणजे पार आत, मुंगाबीच्या पबातली स्वयंपाकीण पवनचक्की दुरुस्त करायला आलेल्या माणसाबरोबर पळून गेली. भर दुपारी, चुलीवर मटण तसंच ठेवून! मुंगाबीची मालकीण टेस एकटी सगळं ओढतेय. "लग्न झालेला होता का तो?" मी विचारलं. नोलीनने भलतंच विचारलं, "चूल गॅसची की लाकडाची?" काय करायचंय हिला चुलीचं! पळून गेली ती कशी दिसायची हे विचारायचं सोडून.

मग ती उठून सरळ टुम्बुल्लाच्या स्वयंपाकघरात गेली. न विचारता. फ्रीज उघडून बघितला म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बर्ट म्हणाला, "असू दे, मावशी, आरोग्य खात्याच्या माणसापेक्षा त्याच बऱ्या."

बुधवार, १३ मे

दुसरा पब जळून गेलाय. कधीच. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नुसतं धुराडं उभं आहे आणि त्यावर दोन गुलाबी काकाकुवे. मग काय, जुन्या जागी गाडी लावली आणि गाडीतच बसून मॅव्हिसचा केक खाल्ला.

"दहा मिनिटं हं," नोलीन म्हणाली.

तिथेच तिने मला एकदम विचारलं, "विने, तुला अजून साठ माणसांचे स्कोन जमतील का गं?" मी म्हटलं, का नाही जमणार, शाळेत पाचवीच्या पुढे गेले नाही पण पिठाचा हिशेब मला कुणी शिकवायला नको. लोणी गार हवं, हात हलका हवा, तरच ते मऊ पाव फुलतात. ती हूं म्हणाली. जुन्या गोष्टी आठवत असणार बिचारी. जाताना माणसाला असंच एकेक आठवतं.

पेट्रोल पंपावरून तिने फोन केला. मी चाकाजवळ होते, मला अर्धवटच ऐकू आलं. "खोल्या शेजारी शेजारी आहेत ना? ... नाही, तिला अजून सांगितलं नाहीये."

म्हणजे ठरलंच की. ग्रॅहमकडच्या खोल्या. मला सांगायचंच तेवढं राहिलंय.

आज पुढचं काही लिहीत नाही.

गुरुवार, १४ मे

आज भांडले. सगळा दोष माझा, पण तिचाही आहे.

टायर फुटला. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काही नाही, फक्त एक एमू आमच्याकडे बघत उभा, सल्ला द्यायला आल्यासारखा. नोलीन जॅक लावत होती, मी नट धरून उभी. ती म्हणाली, "आपल्याला नवीन टायर घ्यायला हवेत, या रस्त्यावर यायचं-जायचं म्हणजे." आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "कशाला? ब्रिस्बेनच्या गुळगुळीत रस्त्यावर जुने टायर चालतील की! जायचं तर जा ना सरळ. सगळ्यांचा असा निरोप घेत कशाला हिंडतेस? मला सोबत घेऊन कशाला दाखवतेस?"

ती जॅक सोडून बघतच राहिली. तिच्या नाकावर काळं लागलं होतं. म्हणाली, "मी निरोप घेतेय असं तुला वाटतंय?"

"मग काय करतेयस?"

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "शनिवारी सांगते. मुंगाबीला पोचू दे." आणि नट मागायला हात पुढे केला.

मीही दिले. सगळे एकदम, तिच्या हातावर आपटून. एमूसुद्धा निघून गेला.

कुणाला सांगू नये असं एक लिहिते. टॅम्सिन मला जीव लावते, रोज फोन करते, दात नीट घासतेस ना विचारते. पण सकाळी उठल्यावर कुंपणापलीकडे कुणी "मेलीस का गं रात्रीत?" असं ओरडलं नाही तर दिवस सुरू झाला हे मला कसं कळायचं?

शनिवार, १६ मे

काय दिवस होता! कुठून सुरू करू!

मुंगाबीचा पब म्हणजे एक लांबलचक पत्र्याचं छप्पर, पुढे पडवी, आणि सगळीकडे मोकळं रान. गाडी ज्याच्याखाली उभी करायचो ते निंबाऱ्याचं झाड अजून आहे. नोलीनचा ग्रॅहम त्याच्याच सावलीत रांगायला शिकला, आम्ही बाहेर असताना. आत पाच-सहा गडी होते. कातरणीवाले दोघे, कुंपणं घालणारा एक, आणि टोकाला एक उंच म्हातारा, केस पांढरेफेक. सगळे त्याला स्नो म्हणतात. मालकीण टेस तिशी-पस्तिशीची असेल. इकडे बिअर ओतत होती, तिकडे पळत जाऊन कढई बघत होती, कपाळावर केस चिकटलेले. आम्हाला म्हणाली, "आल्यात का! बसा हं आजी, आलेच." आल्यात का, जशी काही वाटच बघत होती. स्वभाव चांगला असणार.

आम्ही कट्ट्याला कोपर टेकवून उभ्या राहिलो. मला आता सराव झाला होता. माश्या मात्र इतक्या की बोलायला तोंड उघडायची चोरी. नोलीनने ग्लास संपवला, रुमालाने कड पुसली आणि कट्ट्यावर पालथा घातला. घरी ती कपसुद्धा तसेच ठेवते. माशी बसत नाही, धूळ जात नाही.

बार एकदम गप्प.

कुणीतरी टीव्ही बारीक केला. मला वाटलं, माझी बटणं सुटली की काय. टोकाचा स्नो उठला, सावकाश चालत आमच्यापर्यंत आला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बाई, नक्की ना?"

"नक्की," नोलीन म्हणाली. "एक बास झाली मला."

"एकानेच एवढी?" कुंपणवाला म्हणाला. "स्नो, जपून रे बाबा. दुसरी प्यायली असती तर तुझं काही खरं नव्हतं."

"माझ्या एकट्याशी, की आम्हा सगळ्यांशी?" स्नोने विचारलं. अगदी अदबीने.

"सगळ्यांशी काय?" नोलीन चिडली. "धड बोल की, म्हाताऱ्या."

तेवढ्यात टेस कढईकडून बाहेर आली, तिने ग्लास बघितला आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आजी, बारवर ग्लास पालथा घातला म्हणजे, इथे जो कुणी आहे त्याच्याशी मी मारामारी करायला तयार आहे, असा अर्थ होतो. माहीत नव्हतं तुम्हाला?"

कसं माहीत असणार? कधी आत होतो आम्ही? मी केव्हच्या नावाने जे काही म्हणाले ते इथे लिहीत नाही. संसार झाला, पोरं झाली, नातवंडं झाली, आणि एवढी एक गोष्ट बायकोला सांगता येऊ नये!

"चुकून झालं, सरळ करा आणि विसरा," कातरणीवाला म्हणाला.

दुसरी कुणी असती तर तिने तेच केलं असतं. नोलीनने ग्लासाकडे बघितलं. त्याच्या बुडावर एक बोट ठेवलं. म्हणाली, "घातला तो घातला."

सगळ्यांनी एकदम हूऽऽ केलं. स्नोच्या मिशा थरथरल्या, पण तो हसला नाही. "मग रिवाजाप्रमाणे आपल्याला बाहेर जावं लागेल, बाई."

"बाहेर?" नोलीन म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "त्या झाडाखाली गाडीत बसून मी एक पोर मोठं केलं. तुम्ही सगळे आत होतात. आता बाहेर मी येणार नाही. जे काय करायचं ते आत."

 स्नो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. त्या वेळी तोही आत असणार, वयाने तसाच आहे.

आणि मला जळका वास आला. मी ओरडले, "टेस, कढई!"

टेस पळाली. नोलीनने स्नोच्या डोळ्याला डोळा दिला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "तिथे. तुला शिजवता येतं का काही?"

सगळा बार हसायला लागला. का, तर हा स्नो आयुष्यभर गुरं हाकणाऱ्यांच्या तळावर स्वयंपाकी होता! त्याच्या हातचं खायला लोक दुसऱ्याचं काम सोडून यायचे म्हणे. म्हातारा ताठ झाला. "उद्या दुपारी. पण सांगून ठेवतो बाई, छपराखाली मी कधी शिजवलेलं नाही."

"मग दोघांचंही पहिल्यांदाच होईल," नोलीन म्हणाली. "मी कधी बारच्या आत भांडलेली नाही."

ती मला आज शनिवारी सांगणार होती ते राहूनच गेलं. मीही आठवण केली नाही.

रविवार, १७ मे

पाय दुखतायत, हाताला कणकेचा वास आहे, आणि आज झोप येईल असं वाटत नाही. पण लिहिलंच पाहिजे.

रेडिओवरून बातमी कुठवर गेली देव जाणे. सकाळपासून गाड्या येत होत्या. लांबलांबच्या मेंढवाड्यांवरची माणसं, बायकापोरं, एकाने तर खुर्च्या आणल्या होत्या. टेस मला म्हणाली, "विनी आजी, मी एवढी माणसं गेल्या वर्षभरात मिळून बघितली नाहीत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कांदा मी चिरत होते, ती नव्हे.

चूल अर्धी नोलीनची, अर्धी स्नोची. त्याने लोखंडी भांड्यात गोमांस, गाजरं आणि कसला कसला पाला टाकला आणि राखेत भाजतात तसला जाड पाव लावला. पण राख नव्हती, म्हणून सारखा तंदुराचं दार उघडून बघायचा.

"दार लाव, माझं मटण गार पडतंय," नोलीन ओरडायची.

"आकाश दिसल्याशिवाय मला पाव झाला की नाही ते कळत नाही."

"खिडकी आहे तुला! तिकडे बघ!"

तिने मेंढीची अख्खी तंगडी भाजली, जाड रस्सा केला, आणि शेवटी पाकात उकळलेले पिठाचे गोळे. मी दोघांच्या मध्ये उभी राहून स्कोन लाटत होते. पहिला घाणा संपला, दुसरा संपला, तिसऱ्याला लोक दाराशी उभे राहिले. स्नो तर लढाई सोडून माझ्याच परातीपाशी घुटमळत होता. "हात फार हलका आहे हं तुमचा," चार वेळा म्हणाला. भूक लागली असणार, सकाळपासून नुसतं चाखतच होता.

निकाल लागलाच नाही. अर्धे म्हणाले मटण, अर्धे म्हणाले गोमांस, आणि दोन्हीकडचे दोन्ही ताटं चाटून मोकळे. शेवटी स्नोने कालचा ग्लास, तसाच पालथा ठेवलेला, स्वतःच्या हाताने सरळ केला, भरला, आणि नोलीनच्या पुढे सरकवला. बारमध्ये एवढ्या टाळ्या मी लग्नातसुद्धा ऐकल्या नाहीत. माझ्या लग्नात तर नाहीच.

मग बरीच माणसं पांगली, भांडी झाली, आणि टेस आम्हाला मागे घेऊन गेली. मागच्या व्हरांड्यात दोन खोल्या. शेजारी शेजारी. एका खिडकीतून तलाव, एकीतून पवनचक्की. पलंगांवर धुतलेल्या चादरी.

"आवडल्या का, विनी आजी?" टेसने विचारलं. "फोनवर नोलीन आजी म्हणाल्या, तुम्हाला सकाळचं ऊन हवं असतं. म्हणून ही तुमची."

मी वळून बघितलं. नोलीन पवनचक्कीकडे बघत होती, जन्मात पवनचक्की बघितली नसल्यासारखी.

"नोलीन," मी म्हटलं. "तू बुधवारी कुणाशी बोलत होतीस?"

"टेसशी."

"आणि ग्रॅहम?"

"ग्रॅहमच्या खिडकीतून नदी दिसते. दिवसभर नदी बघून मी काय करू गं? नदीला जेवायला घालू? इथे स्वयंपाकीण हवीय. मला स्वयंपाक येतो, तुला स्कोन येतात. पाहुण्यासारखं खोलीत बसून राहायचं म्हणजे पुन्हा गाडीतच बसल्यासारखं."

"आणि मला विचारायचं?"

"तुला विचारलं असतं तर तू आधी मॅव्हिस काय म्हणेल ते मोजत बसली असतीस. आधी दाखवावं म्हटलं." मग तिचा आवाज बारीक झाला. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. "तू नाही म्हणालीस तर मी नाही येणार इथे. मग ब्रिस्बेनलाच जाईन. एकटीने हे मला नाही जमायचं, विने."

म्हणजे गुरुवारी टायरपाशी मी जी घाबरून बसले होते, तशीच ही बया माझ्या समोर जॅक फिरवत घाबरून बसली होती! दोघी वेड्या. मी म्हटलं, "पवनचक्कीची खोली तुझी. तू घोरतेस, चक्कीच्या आवाजात ते खपून जाईल."

ती रडली. मी पण. टेसने मध्ये पडून दोघींना एकदम मिठी मारली, आणि तिच्या अंगाला अजून जळक्या तेलाचा वास होता. तो आधी घालवायला हवा.

नोलीनने ग्रॅहमला फोन केला तो बारवरून, कट्ट्याला कोपर टेकवून, सगळ्यांसमोर. "नाही रे राजा. हो, शुद्धीत आहे. नाही, एकच प्यायलेय. तूच ये इकडे, जेवायला घालते. रांगायला शिकलास तिथेच." मी टॅम्सिनला केला. ती आधी किंचाळली, मग म्हणाली, "आजी, पबात नोकरी?" मग पुन्हा किंचाळली, पण आनंदाने. सुट्टीत येणार आहे.

निघताना सगळे पडवीत उभे होते. स्नोने आमच्या गाडीचा सुटा टायर तपासला, मग चारी तपासले, मग काच पुसली, माझ्या बाजूची. बरा माणूस आहे, कामसू. घर आवरायला हवं, कोंबड्या कुणाला तरी द्यायला हव्यात, मॅव्हिसला तर तोंडावर सांगायची मला घाई झालीय.

टेस गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली, "येणार ना नक्की? दिवस सांगून जा, मी लोकांना कळवते."

नोलीन तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं: सोमवार, एक जून, दुपारच्या जेवणाआधी.